गडकोटांना एकदाचे कोटी नकोत, दरवर्षीचे लाख हवेत

कातळ (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे, "आता किती कोटी येणार?"

पहिली गोष्ट, यादीत नाव लागलं म्हणून युनेस्को थैली घेऊन येत नाही. सांभाळायची जबाबदारी आपल्याच सरकारची राहते. दुसरी गोष्ट, माझ्या मते रकमेच्या आधी विचारायला हवं की हा पैसा कोणत्या महिन्यात हातात पडणार, कशावर खर्च होणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळणार का.

तट पडतो कसा ते आधी पाहा. बाहेरून आपल्याला घडीव दगडांची भिंत दिसते. प्रत्यक्षात अशा दोन भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे, माती, चुना यांची भर असते. वरच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, फरसबंदी उखडली की पावसाचं पाणी थेट त्या भरीत उतरतं. पाणी बाहेर काढणारे पन्हळ मातीने बुजलेले असतात. भर भिजते, फुगते, बाहेरच्या भिंतीला पोट सुटतं, आणि एका पावसाळ्यात पाच-पंचवीस फुटांचा तुकडा खाली येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'ऐतिहासिक तटबंदी ढासळली'. विजयदुर्गाच्या बाबतीत २०२० च्या पावसाळ्यात आपण अशाच बातम्या वाचल्या.

पडलेला तट पुन्हा उभा करायला कोटींची निविदा निघते. तो पडू नये म्हणून पन्हळ उपसायचे, फांजीवरच्या भेगा चुन्याने बुजवायच्या, दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, रुजलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढायचं, एवढंच पुरलं असतं. पण त्या कामाला फीत कापता येत नाही, कोनशिला बसत नाही आणि पैसाही मिळत नाही.

माझं मागणं सरळ आहे. प्रत्येक संरक्षित किल्ल्याला, मोठा असो वा छोटा, दरवर्षी न चुकता देखभालीची एक ठरलेली रक्कम मिळावी, आणि ती त्याच कामावर खर्च व्हावी. जाणकारांनी लिहावं.

सह्यवेडी

अगदी. आमच्या तालुक्यातल्या एका किल्ल्याचं सांगते, नाव घेत नाही. वर्षानुवर्षं तिथे दमडी आली नाही. मग एकदम निधी आला आणि दरवाज्याशेजारच्या बुरुजाच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. किल्ला जांभ्याचा. दोनेक पावसाळ्यांत सिमेंट जसंच्या तसं राहिलं आणि मधला जांभा झिजून आत गेला. आता तिथे दगडाच्या जागी खळगे आणि त्यांच्याभोवती सिमेंटच्या चौकटी उरल्यात. हात लावला की जांभ्याचा भुगा हातात येतो.

आमच्या गटाची मुलं दर रविवारी झाडोरा काढायला तयार होती. पण संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय कुदळ लावणं गुन्हा आहे, आणि परवानगीचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. नियम असावा, त्याबद्दल तक्रार नाही. हौशी मंडळी कधीकधी जाड मुळं ओढून अख्खा चिरा खाली आणतात, हेही पाहिलंय. पण मग ज्यांचं काम आहे त्यांनी तरी ते करावं.

निवृत्त अभियंता

सह्यवेडीताई, तुम्ही जे पाहिलंत त्याचं कारण साधं आहे. सिमेंट जांभ्यापेक्षा टणक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. भिंतीतलं पाणी मग दगडातून वाट काढतं, जाताना क्षार वर आणतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चुना दगडापेक्षा मऊ असतो. झिजायचं असेल तर आधी तो झिजतो आणि दगड वाचतो. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा दरजा भरायच्या, हे त्या बांधकामात गृहीतच धरलेलं आहे.

आता कातळ यांनी विचारलेल्या महिन्याबद्दल. सगळी गोम तिथेच आहे.

कळीचा चुना आणला आणि लगेच वापरला, असं चालत नाही. तो विरवायचा, हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा, आठवडेच्या आठवडे. मग वाळू, सुर्खी (विटांची पूड) घालून घाणीत मळायचा. काही ठिकाणी गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालतात. भरल्यानंतर तो हवेतला वायू शोषत सावकाश घट्ट होतो आणि तोवर ओला ठेवावा लागतो. त्यासाठी गोणपाट भिजवून लावायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारायचं. दसरा-दिवाळीनंतर काम धरलं तर हे सगळं नीट जमतं. हवा थंड असते आणि गडावरच्या टाक्यांत पाणी असतं.

प्रत्यक्षात प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे सगळं होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. ठेकेदाराला मार्चअखेर देयक काढायचं असतं. राहिलेलं काम एप्रिल-मेच्या उन्हात होतं. टाकी आटलेली, पाणी गाढवावरून किंवा डोक्यावरून चढवायचं. चुना दोन दिवसांत कोरडा पडतो आणि नखाने खरवडला तरी निघतो. मग पुढच्या खेपेला कुणीतरी म्हणतं, चुना टिकत नाही, सिमेंट घ्या. चुना टिकतो. शेकडो वर्षांचे तट त्याच्यावरच उभे आहेत. त्याला हवा तो महिना आपण देत नाही.

आणि दरसूची. साध्या इमारतीच्या कामाचे दर धरून गडावरचं अंदाजपत्रक केलं तर चांगला गवंडी फिरकतच नाही. वाहतूक आणि पाणी या दोन बाबींनाच निम्मा पैसा लागतो, हे खाली कार्यालयात बसून लक्षात येत नाही.

हिशेबनीस

माझी सगळी नोकरी लेख्यांत गेली, म्हणून पैशाची वाट सांगतो.

राज्याच्या अर्थसंकल्पात कला व संस्कृतीचं लेखाशीर्ष २२०५, तो महसुली खर्च. नवं बांधकाम, मोठी कामं ४२०२ मध्ये, तो भांडवली. देखभाल महसुलीत मोडते आणि तंगी आली की पहिली कात्री तिथेच लागते. २०२०-२१ मध्ये तर करोनामुळे सगळ्याच विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच खर्चाची मुभा होती. शिवाय हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर झाली तर पैसा बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, दिसेपर्यंत जानेवारी उलटतो, आणि ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत, म्हणजे बुडाला. अभियंता साहेबांनी सांगितलेला चुन्याचा हंगाम आणि सरकारचं आर्थिक वर्ष हे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे आहेत.

दिल्लीतही वेगळं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. २०१३ च्या अहवालात कॅगने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली तेव्हा ९२ स्मारकं सापडलीच नाहीत. कागदावर संरक्षित, जागेवर पत्ता नाही. २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे आलेला आकडा तर मला रोज आठवतो: गरज ७,००० सुरक्षा कर्मचाऱ्यांची, नेमता आले २,५७८, तेही २४८ ठिकाणी. बाकीच्या तीन हजारांवर जागांच्या वाट्याला त्यातला एकही नाही. जिथे रोज बघायला माणूस नाही तिथे पन्हळ बुजलाय हे कळणार कुणाला?

आणखी एक. रायगडावर आपण २५ रुपयांचं तिकीट काढतो, तो पैसा रायगडाच्या खात्यात जमा होत नाही. तो केंद्राच्या संचित निधीत जातो आणि पुढे अर्थसंकल्पातून वाटला जातो. स्मारकाचं स्वतःचं खातंच नाही.

मोडीवाचक

वर्षाचं नियोजन, किल्ल्यागणिक रक्कम, हे आपल्याकडे नवीन नाही. १६७१-७२ च्या सुमाराचा शिवछत्रपतींचा जाबता, म्हणजे ठरवलेल्या खर्चाची यादी, उपलब्ध आहे. किल्ल्यांवरच्या इमारतींसाठी एकूण १,७५,००० होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं). त्यात रायगडाला ५०,०००. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर, राजगड यांना प्रत्येकी १०,०००. मग पाच हजारवाले, तीन हजारवाले, दोन हजारवाले किल्ले आणि शेवटी किरकोळीसाठी वेगळी रक्कम. राज्य चहूबाजूंनी लढाईत गुंतलेलं असताना हा कागद झालाय. लहान गडही त्यात नावानिशी आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

शिवाय गडावर हवालदार, सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असायचा. कोठाराचा, सामानाचा हिशेब त्याच्याकडे. काय संपलं, काय मोडलं, हे बघणारा माणूस गडावरच राहायचा. हिशेबनीस यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा होतं.

उत्तरवारा

सगळ्यांशी सहमत व्हावंसं वाटतंय, पण शंका आहे, मांडतोच.

लहान रकमा दरवर्षी वाटल्या की त्या दिसत नाहीत. मोठ्या प्रकल्पात निदान संवर्धन वास्तुविशारद येतो, मोजणी होते, आराखडा होतो, चारचौघांचं लक्ष असतं. रायगडाचंच घ्या. सुमारे ६०० कोटींचा आराखडा, वेगळं प्राधिकरण. म्हणून तर तिथे उत्खनन झालं, वाड्यांचे अवशेष मोकळे झाले, हत्ती तलावाची गळती काढली आणि तो २०२० मध्ये पुन्हा भरला. वर्षाला चार-पाच लाख देऊन हे झालं असतं का? उलट ते चार-पाच लाख 'गवत काढले, साफसफाई केली' असं मोजमाप पुस्तकात लिहून संपले असते. गवत काढलं की नाही हे पुढच्या वर्षी कोण तपासणार?

आणि दुसरं. गावात नळाला पाणी नाही, शाळेला छप्पर नाही, तिथे तटाला दरवर्षी पैसा मागताना आपण त्या गावाला काय सांगणार?

रानजाई

उत्तरवारादादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण मी गडाच्या घेऱ्यातल्या गावचीच.

आमच्या गावाला गडाचा राग नाही. गडाच्या कामाला बाहेरून मजूर येतात, बाहेरून गवंडी येतात, कामं संपली की निघून जातात, याचं वाईट वाटतं. आमच्यात अजून दगड घडवणारी दोन-चार म्हातारी माणसं आहेत. त्यांची पोरं पुण्या-मुंबईला गाड्या चालवतात. वर्षातून तीन-चार महिन्यांचं काम इथेच, दरवर्षी, खात्रीने मिळालं तर त्यातली काही परत येतील. एकदाच येणाऱ्या कोटींसाठी कुणी हातातली नोकरी सोडत नाही.

धागाकर्त्यांनी एक मात्र लक्षात घ्यावं. सोयींवर खर्च नको असा सूर नको. दरवाज्यापर्यंत धड वाट नसली, बायकांना जायला आडोसा नसला की काय होतं ते आम्ही रोज बघतो. रविवारी हजारभर माणूस चढतं. कचरा आमच्या ओढ्यात येतो.

कातळ (धागाकर्ता)

रानजाईताई, मान्य. वाट आणि स्वच्छतागृह हवंच. माझा आक्षेप तटाचे पैसे दिव्यांत, कमानीत आणि रंगीत फरशीत जाण्याला आहे. ही दोन खाती वेगळी ठेवली की भांडण मिटतं.

उत्तरवारा, रायगडासारख्या जागी मोठा आराखडा हवाच. पण राज्यात ३९० हून अधिक किल्ले सांगितले जातात. राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडची सगळी संरक्षित स्मारकं धरली तरी पावणेचारशेच्या घरात, त्यात लेणी, मंदिरं, वाडे, समाध्या सगळं आलं. बहुसंख्य गड कुणाच्याच यादीत नाहीत. कुणी वनखात्याच्या जमिनीवर, कुणी महसुलाच्या, कुणी खासगी. यांना प्राधिकरण मिळणार नाही, माझ्या हयातीत तर नाहीच.

आणि मोठ्या पैशामागे देखभालीचा पैसा नसेल तर तोही वाया जातो. अजिंठा-वेरूळसाठी जपानी कर्जातून दोन टप्प्यांत प्रकल्प झाला. त्यात अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृतींसह भव्य अभ्यागत केंद्र उभं राहिलं. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी ते बंद पडलं. इमारतीला पैसा होता, तिच्या वीजबिलाला नव्हता. याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

हॉलंडकर

'कोण तपासणार' यावर थोडं. मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये मोन्युमेंटनवाख्त नावाची व्यवस्था १९७३ पासून चालू आहे. दोन कारागीर गाडीत हत्यारं घालून जुन्या वास्तूंवर जातात. छपरावर चढतात, पन्हळी तपासतात, सरकलेलं कौल तिथल्या तिथे बसवतात आणि मालकाला लेखी अहवाल देतात: हे आत्ता करा, हे दोन वर्षांत करा, याला अजून वेळ आहे. प्रांतिक सरकारं या कामाला अनुदान देतात. पुढच्या फेरीत मागचा अहवाल हातात घेऊनच पाहणी होते, म्हणजे काम झालं की नाही ते आपोआप कळतं. शिकलेला कारागीर अधिकाऱ्याइतकाच मानाने अहवाल लिहितो, ही बाब मला सगळ्यात आवडते.

निवृत्त अभियंता

हे गडांना जमण्यासारखं आहे. तटाचे तुकडे पाडून क्रमांक द्यायचे, बुरूज ते बुरूज. प्रत्येक तुकड्याचा पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून फोटो. तटाला पोट सुटतंय का हे ओळंबा लावून मोजता येतं, भेगेवर काचपट्टी चिकटवली की ती तडकली का यावरून हालचाल कळते. हजार रुपयांचंही सामान लागत नाही. मोजमाप पुस्तकात 'साफसफाई केली' एवढ्यावर देयक निघूच नये. तुकडा क्रमांक आणि दोन फोटो जोडल्याशिवाय सही नाही. उत्तरवारा यांची पहिली शंका रास्त आहे, तिचा हा बंदोबस्त.

सह्यवेडी

कंपन्यांकडून का नाही घेत? सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा कंपन्यांचा निधी, आहे ना?

हिशेबनीस

कायद्यात वाट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचं संरक्षण आणि ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती स्पष्टपणे लिहिलेली आहे. १९९६ पासून राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, त्याला दिलेल्या देणगीला करसवलत आहे. राज्याची स्मारक संगोपन योजना २००७ पासूनची. नळदुर्ग त्याच योजनेत संगोपनासाठी दिला गेला आणि तिथे लोकांचा राबता वाढला. केंद्राच्या योजनेत २०१८ मध्ये लाल किल्ल्यासाठी एका कंपनीने पाच वर्षांत २५ कोटींचा करार केला.

पण कंपनी लाल किल्ल्याला येते. आडवाटेच्या, निम्म्या ढासळलेल्या गिरिदुर्गाला येत नाही, कारण तिथे फलक लावून बघणारं कुणी नाही. आणि करार संपला की पैसाही संपतो. पूरक म्हणून घ्यावा, आधार म्हणून नाही. वित्त आयोगाचंही तसंच झालं. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना वारसा जतनासाठी ६२५ कोटी दिले होते, २००५ ते २०१०. मुदत सरली, ते अनुदानही संपलं.

मला खरी वाट दिसते ती जिल्हा वार्षिक योजनेत. तिथला तीन टक्क्यांपर्यंतचा निधी गड-किल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या संवर्धनासाठी वापरता येतो. जिल्हा वार्षिक योजना दरवर्षी असते, ती बंद पडत नाही. आज त्यातून भक्तनिवास, सभामंडप, संरक्षक कठडे यांचेच प्रस्ताव पुढे येतात, कारण तसेच अर्ज येतात. देखभालीचा अर्ज कुणी करतच नाही.

उत्तरवारा

हे माहीत नव्हतं. तुकडे, क्रमांक, फोटो आणि जिल्हा योजना असं जोडून आलं तर माझा विरोध राहत नाही. एक अट घाला: पुरातत्त्वच्या सहायक संचालकांची ना-हरकत अर्जासोबतच हवी, नाहीतर पैसा मंजूर होऊन पडून राहील.

मोडीवाचक

आणि पाहणीची वही गावातच राहू द्या, ग्रामपंचायतीत. कार्यालयातला माणूस बदलतो, दप्तर हलतं.

कातळ (धागाकर्ता)

मग हे करू या. एका जिल्ह्यापुरता नमुना अर्ज इथेच तयार करू. तीन किल्ले धरू: एक केंद्राचा, एक राज्याचा, एक कुणाच्याच यादीत नसलेला. तिसऱ्यासाठी आधी वनखात्याशी बोलावं लागेल. अभियंता साहेब, अंदाजपत्रकाचा नमुना तुम्ही द्याल का? वाहतूक आणि पाणी वेगळं दाखवून. हिशेबनीस, अर्ज कधीपर्यंत जायला हवा?

हिशेबनीस

पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो, जानेवारीत बैठका होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज नियोजन अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि त्याची प्रत पालकमंत्र्यांकडे गेली पाहिजे. मंजुरी एप्रिल-मेमध्ये मिळाली तर पावसाळाभर चुना मुरवता येतो आणि दसऱ्यानंतर काम धरता येतं. मंजुरीचं पत्र हाती आलं की त्याच दिवशी निविदेच्या मागे लागायचं.

निवृत्त अभियंता

अंदाजपत्रक देतो. पण आधी एकदा जागेवर जायला हवं, बसल्या जागी लिहिणार नाही. मे महिन्यात जाऊ या का?

रानजाई

काका, मे नको. उन्हात सगळंच वाळलेलं असतं, काही कळत नाही. नवरात्रानंतर या. गवत पिवळं पडायला लागतं आणि पिंपळ, उंबराची रोपं तेवढी हिरवी राहतात, खालच्या वाटेवरूनही मोजता येतात. पाणी कुठून झिरपतंय तेही तेव्हाच दिसतं, दगड तिथे काळा ओला राहतो. आमचे दोन जुने पाथरवट आहेत, त्यांना सांगून ठेवते. त्यांना वर चढायला वेळ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघू.